डिझाइन रजिस्टर नव्हतं आणि माल कॉपी झाला: आता हातात काय उरतं?

प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. कुपवाड एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं शेड असलेल्या एका उद्योजकानं टेबलावर ठेवायचं उसाच्या रसाचं मशीन केलं. वरचं कव्हर बैलाच्या वशिंडासारखं उचललेलं, कडेला जुन्या चरकाची आठवण म्हणून घुंगरांची पट्टी. कृषी प्रदर्शनात स्टॉल लावला, इन्स्टावर रील टाकलं, ८४ मशीन विकली. आता परराज्यातल्या एका पार्टीनं जवळपास तसंच मशीन साडेसहा हजारांनी स्वस्त काढलंय. डिझाइन, म्हणजे मालाचं डोळ्याला दिसणारं रूप, रजिस्टर केलेलं नव्हतं. त्यांचे प्रश्न असे: यूट्यूबवर सांगतात की रजिस्टर नसलेल्या डिझाइनलाही तीन वर्षं संरक्षण असतं, ते खरं का? आता रजिस्टर केलं तर चालेल का? आणि सीए म्हणतात की चार बदल केले की कॉपी ठरत नाही, मग रजिस्टर करायचं तरी कशाला?

मी सांगलीत वकिली करतो. गेली २२ वर्षं ट्रेडमार्क आणि डिझाइनचीच कामं जास्त. हा प्रश्न दर हंगामात कुणी ना कुणी घेऊन येतं. कधी मशीन असतं, कधी बेदाण्याचा बॉक्स, कधी विट्याकडचं कापड.

तुम्ही विचारताय की त्या पार्टीला थांबवायचं कसं. त्याआधी दुसरा प्रश्न सुटायला हवा: त्यानं तुमचं मशीन बघून पत्रा कापला, त्या दिवशी कायद्याच्या दृष्टीनं तुमच्या नावावर काय होतं? आपल्याला वाटतं, कल्पना माझी, रात्री जागून मी केली, सगळ्या एमआयडीसीला ठाऊक आहे. डिझाइनचा कायदा हे विचारतच नाही. तो दोन तारखा विचारतो. लोकांसमोर पहिल्यांदा कधी आलं, आणि अर्ज कधी केला. अर्जाची तारीख आधीची असेल तर पुढचं बोलायचं, नसेल तर दुसरी वाट शोधायची.

यूट्यूबचं आधी संपवतो. ते तीन वर्षांचं संरक्षण युरोपियन युनियनमधलं आहे. तिथं माल बाजारात आल्यापासून तीन वर्षं नोंदणी न करताही नकलेविरुद्ध जाता येतं. ब्रिटनमध्ये वेगळा हक्क आहे, डिझाइन तयार झाल्यापासून जास्तीत जास्त १५ वर्षं, आणि माल विकायला लवकर आणला तर तिथून १० वर्षं. व्हिडिओ करणाऱ्यानं तिकडचंच वाचून सांगितलेलं असणार. आपल्याकडे डिझाइन कायदा, २००० आहे. तो ११ मे २००१ पासून लागू झाला आणि त्यात रजिस्टर न केलेल्या डिझाइनला म्हणून वेगळा हक्क नाही. एवढंच नाही, युरोपात माल दाखवल्यावरही १२ महिन्यांच्या आत अर्ज करता येतो, ती सवलतही इथं नाही. म्हणजे तिकडचा माणूस आधी दाखवून, ग्राहक बघून, मग नोंदवू शकतो. आपल्याकडे हाच क्रम अंगाशी येतो.

आता दुसरा प्रश्न, आज रजिस्टर करता येईल का. अर्ज भरता येईल. कदाचित प्रमाणपत्रही मिळेल, कारण तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याला तुमचं रील सापडेलच असं नाही. पण टिकणार नाही. कायद्याचं कलम ४ सांगतं की अर्जाच्या तारखेआधी डिझाइन भारतात किंवा जगात कुठंही लोकांसमोर आलेलं असेल, छापून, वापरून किंवा इतर कुठल्याही मार्गानं, तर ते नोंदवता येत नाही. ते दुसऱ्या कुणी आणलं की तुम्ही स्वतःच, यानं फरक पडत नाही. आणि चुकून नोंदवलं गेलं तर कलम १९ खाली ज्याचा संबंध आहे असा कुणीही ते रद्द करायला मागू शकतो.

यात माझी एक चूक सांगतो, कारण तीच चूक तुम्ही करायच्या बेतात आहात. बऱ्याच वर्षांपूर्वी एक पक्षकार आले, मालाचं नाव सांगत नाही. मी नेहमीचा प्रश्न विचारला, "कुठं दाखवलं नाही ना?" ते म्हणाले, "छे, कुठंच नाही." मी अर्ज केला, नोंदणी झाली, दीड वर्षानं नक्कल निघाली, दावा लावला. समोरच्या वकिलानं पहिल्याच तारखेला एक रंगीत प्रिंट पुढं सरकवली. माझ्याच पक्षकारांच्या फेसबुक पानावरचा फोटो, अर्जाच्या चार महिने आधीचा. खाली त्यांच्या मेव्हण्याची कमेंट, "लय भारी दाजी, दोन आम्हाला ठेवा." पक्षकार बाहेर आल्यावर म्हणाले, "ते दाखवणं थोडीच झालं वकीलसाहेब, ते घरच्यांसाठी होतं." चूक माझी. प्रश्न मी पुस्तकातला विचारला होता. तेव्हापासून विचारताना सगळं उलगडून विचारतो: व्हॉट्सॲप स्टेटस टाकलं का, डीलरच्या ग्रुपवर फोटो गेला का, पोरानं रील केलं का, कोटेशनबरोबर कॅटलॉग पाठवला का, पहिलं बिल कुठल्या तारखेचं.

मोठ्या कंपन्याही इथंच अडकतात. भोकाभोकाच्या चपला विकणाऱ्या क्रॉक्सनं डिझाइन नोंदणीच्या जोरावर दिल्ली उच्च न्यायालयात दावे लावले होते. २०१८ मध्ये अंतरिम मनाई नाकारली गेली, आणि त्यातलं एक मुख्य कारण असं की तसली पादत्राणं नोंदणीआधीच इंटरनेटवर आलेली होती.

प्रदर्शनाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सांगेल की प्रदर्शनात दाखवलेलं चालतं. अर्धवट खरं आहे. कलम २१ मध्ये तशी सवलत आहे. मात्र ज्या प्रदर्शनाला केंद्र सरकारनं अधिसूचना काढून ती लागू केलीय त्यालाच, आणि तीही प्रदर्शनात ठेवण्याआधी रीतसर सूचना दिली आणि सहा महिन्यांत अर्ज केला तर. मांडव घालून भरवलेलं आपलं कृषी प्रदर्शन सहसा यात बसत नाही, आणि आगाऊ सूचना तर माझ्याकडे आलेल्यांपैकी कुणीच दिलेली नव्हती. डीलरला किंवा डायवाल्याला विश्वासानं, गुप्ततेच्या अटीवर दाखवलं असेल तर ते मात्र जाहीर करणं ठरत नाही, कलम १६ आहे त्यासाठी. फक्त ती अट कागदावर हवी. दोन ओळींचं ईमेलही पुरतं.

मग कॉपीराइट? तो आपोआप असतो म्हणतात. असतो, पण तो कशाला आणि कुठवर, हे बघायला लागतं. तुमच्या मशीनचं ड्रॉइंग ही कलाकृती म्हणून कॉपीराइटमध्ये येऊ शकते. पण कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १५(२) मध्ये एक आकडा आहे, ५०. जे डिझाइन नोंदवता आलं असतं पण नोंदवलं नाही, ते लावलेली वस्तू औद्योगिक पद्धतीनं पन्नासपेक्षा जास्त वेळा काढली, की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. तुम्ही ८४ मशीन विकलीत. एक्कावन्नावं ज्या दिवशी शेडबाहेर पडलं, त्या दिवशी आकारावरचा तो हक्क गेला. धंदा चालला म्हणून हक्क गेला, हे ऐकून लोक चिडतात, मीही पहिल्यांदा चिडलो होतो. पण त्यामागं हिशोब आहे. कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं चालतो, डिझाइनची नोंदणी मात्र १० वर्षं आणि वर ५. कारखान्यात धडाधड निघणाऱ्या मालाला मागच्या दारानं एवढं लांब संरक्षण मिळू नये, म्हणून ही रेघ ओढलेली आहे. एखादं काम शुद्ध कलाकृती कधी आणि डिझाइन कधी, यावर एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या ड्रॉइंगवरून क्रायोगॅस आणि आयनॉक्स या कंपन्यांत वाद झाला, आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यासाठी कसोटी घालून दिली. तुमच्या पत्र्याच्या कव्हरला त्यातून काही मिळेल असं मला वाटत नाही.

पण कॉपीराइटची एक बाजू अजून तुमच्याकडे शाबूत आहे आणि ती लोक बघतच नाहीत. फोटो, रील, कॅटलॉगमधला मजकूर. यांना पन्नासचा आकडा लागत नाही. नक्कल करणारा बहुतेक वेळा आळशी असतो. मशीन स्वतः बनवतो, पण पहिला नग तयार व्हायच्या आधीच ऑर्डर घ्यायची घाई असते, म्हणून फोटो तुमचेच लावतो. माझ्याकडच्या एका प्रकरणात समोरच्यानं पार्श्वभूमी पुसून पांढरी केली होती. पण स्टीलच्या चकचकीत दरवाज्यात आमच्या पक्षकारांच्या शेडमधलं दिनदर्शिकेचं पान उलटं उमटलं होतं, तारखेसकट. एवढ्यावर विक्रीच्या पोर्टलनं ते पान उतरवलं. मशीन विकणं त्यानं थांबलं नाही, हे खरं. पण ऐन हंगामात तीन आठवडे त्याचं दुकान बंद राहिलं.

दुसरी वाट पासिंग ऑफची. म्हणजे समोरच्यानं स्वतःचा माल तुमचा म्हणून खपवणं. यासाठी कुठलीच नोंदणी लागत नाही. पण सिद्ध बरंच करावं लागतं: तुमच्या मालाची बाजारात ओळख आहे, समोरच्याच्या वागण्यानं गिऱ्हाईक फसतं, आणि त्यातून तुमचं नुकसान होतं. नुसत्या आकारावर हे सिद्ध करायचं तर तो आकार बघताच लोकांच्या तोंडी तुमचं नाव आलं पाहिजे. ८४ मशीनवर ते अवघड आहे, खोटं कशाला सांगू. मात्र हे परिस्थितीवर फार अवलंबून आहे. त्यानं तुमच्यासारखंच नाव, तोच हिरवा-पिवळा स्टिकर, तसंच "अस्सल चरकाचा रस" असलं वाक्य घेतलं असेल, तर तुमची बाजू एकदम वजनदार होते. तुमच्या डीलरला "तुमचंच ते नवीन स्वस्त मॉडेल ना?" असे फोन आले असतील, तर ते कोण, कधी, कुठल्या नंबरवरून, हे आजच वहीत उतरवून ठेवा. आकार आणि सजावट यावर पासिंग ऑफ चालतंच नाही, असं सांगणारे वकीलही भेटतील. दिल्ली उच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठानं कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रकरणात डिसेंबर २०१८ मध्ये डिझाइनभंग आणि पासिंग ऑफ असा एकत्र दावा चालतो असं म्हटलंय. आणि वर सांगितलेल्या क्रॉक्सच्या वादातच जुलै २०२५ मध्ये खंडपीठानं पासिंग ऑफचे दावे ऐकावे लागतील असं ठरवलं. ऐकले जातील म्हणजे जिंकले असं नाही, एवढं ध्यानात असू द्या.

आणि मशीनच्या नावाचा ट्रेडमार्क अजून केला नसेल तर तो या आठवड्यात करा. ट्रेडमार्कला नवेपणाची अट नाही. उलट, जितका जुना वापर तितकं बरं. वैयक्तिक किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी मालाच्या एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. डिझाइनची वेळ तुम्ही चुकवली असली, तरी हे दार उघडं आहे.

मिरजेतल्या सतारमेकर गल्लीतला एक कारागीर परवा हेच विचारत होता. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, मग माझ्या तबलीवरची नवी नक्षी त्यात आली का? नाही आली. जीआय गावाच्या नावाचं आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या कौशल्याचं, त्याला जुनेपणा लागतो. डिझाइन एका माणसाचं, त्याला नवेपणा लागतो. एकाच भोपळ्यावर दोन्ही नांदू शकतात, पण अर्ज वेगळे आणि अटी उलट्या. असो, हे तुमच्या प्रश्नाबाहेरचं झालं.

आता ज्या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त काळजी वाटते त्याकडे येतो. तुम्ही लिहिलंय की डिझाइन रजिस्टर करायचं म्हणून रील डिलीट करून टाकू का. कृपा करून करू नका. एक तर ते कुणाच्या ना कुणाच्या मोबाइलमध्ये राहतंच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे, समजा उद्या त्या पार्टीनंच वशिंडाचं कव्हर स्वतःच्या नावावर रजिस्टर केलं आणि तुम्हालाच नोटीस पाठवली, तर? हे होतं. माझ्या कपाटात अशी दोन प्रकरणं आहेत. तेव्हा तुमच्याकडचा सगळ्यात मोठा पुरावा हेच रील. ज्या कारणानं तुमची नोंदणी टिकली नसती त्याच कारणानं त्याचीही टिकणार नाही, कारण त्याच्या अर्जाआधी तुमचं मशीन जगानं पाहिलं होतं. तेव्हा रील, त्यावरच्या कमेंट, प्रदर्शनाच्या स्टॉलची पावती, पहिली पाच बिलं, लेझर कटिंगवाल्याला पाठवलेली फाइल, हे सगळं तारखेसकट जपून ठेवा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी रील ज्या मोबाइलवर काढलं तो विकू नका. डिझाइनची नोंदणी झाली की ती पेटंट ऑफिसच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध होते. उसाचा रस काढायचं मशीन लोकार्नो वर्गीकरणात, म्हणजे डिझाइनसाठी मालाचे जे आंतरराष्ट्रीय गट पाडलेत त्यात, ३१ व्या वर्गात येतं, खाद्यपदार्थ आणि पेयं तयार करायची यंत्रं. शेतीची यंत्रं १५ व्या वर्गात असतात, म्हणून लोक तिथं शोधतात आणि काही सापडलं नाही म्हणून निर्धास्त होतात. महिन्यातून एकदा ३१ मध्ये डोकावा.

इथवरचं सार असं: जुन्या मॉडेलचा आकार डिझाइन म्हणून हातातून गेला. फोटो आणि मजकूर तुमचे आहेत, नाव तुमचं करून घेता येतं, गिऱ्हाईक फसत असेल तर पासिंग ऑफ आहे, आणि उलटा हल्ला आला तर जुन्या तारखा तुमच्या बाजूनं आहेत.

पुढच्या मॉडेलचं मात्र सगळं तुमच्या हातात आहे, आणि तिथं सीएंच्या "चार बदल" या मुद्द्याला उत्तर द्यावं लागेल. चार बदल, तीस टक्के फरक, हे कायद्यात कुठंही नाही. कुठल्या चहाच्या टपरीवर जन्मलं कोण जाणे. कलम २२ मध्ये शब्द आहेत ते उघड किंवा कपटानं केलेल्या नकलेचे, आणि ती ओळखायची डोळ्यानं. दोन्ही मशीन शेजारी ठेवली, पाय चौकोनीऐवजी गोल केले, कळ डावीकडून उजवीकडे नेली, पण बघणाऱ्याच्या नजरेत पहिलं भरतं ते वशिंडच असेल, तर बाकीचे दहा बदलही त्याला वाचवत नाहीत. उलटंही खरं आहे. तुमच्या डिझाइनमध्ये नवं असं फारसं नसेल, तर समोरच्यानं एकच बदल केला तरी तो सुटतो. म्हणून नोंदवताना नेमकं काय नवं, हे ठरवण्यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो.

तुमच्या मशीनपुरतं सांगायचं तर तीन रोलरची मांडणी, गियरचं गुणोत्तर, रस गाळायची जाळी कशी निघते, यातलं काहीही डिझाइनमध्ये येत नाही. ते काम करण्याची पद्धत झाली. त्यात खरोखर नवं असेल तर तो पेटंटचा विषय, आणि पेटंटलाही दाखवण्याआधीच अर्ज लागतो. डिझाइनमध्ये येतं ते फक्त डोळ्याला दिसणारं: कव्हरचा उंचवटा, त्याची रेषा पुढच्या पट्टीत कशी उतरते, घुंगरांची ओळ. कुणी म्हणेल, वशिंडाचा आकार काय तुम्ही शोधला? नाही शोधला. पण तो रसाच्या मशीनवर आधी कुणी आणला होता का, हा प्रश्न आहे. काचेच्या तक्त्यांवरच्या नक्षीबद्दल भारत ग्लास ट्यूब विरुद्ध गोपाल ग्लास वर्क्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये हेच पाहिलं. नक्षी उमटवणारे रोलर आधी असले, तरी ती नक्षी काचेवर आधी आली होती का, ते दाखवा असं.

एक अडचण इथं तुमची स्वतःचीच आहे. नव्या मॉडेलला जुनं मॉडेल आडवं येतं. ते आता सगळ्या जगाला माहीत असलेलं डिझाइन झालंय, आणि नवं त्याहून ठळकपणे वेगळं लागतं. वशिंड तसंच ठेवून रंग बदलला, तर मी तुमचा अर्ज घेणार नाही. कव्हरची रेषाच बदला.

अर्ज तसा सोपा आहे. वैयक्तिक, स्टार्टअप किंवा छोटा उद्योग म्हणून सरकारी फी १,००० रुपये, बाकीच्यांना ४,०००. उद्यमचं, म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचं, प्रमाणपत्र हाताशी ठेवा. कोलकात्याच्या पेटंट ऑफिसात डिझाइन शाखा आहे, तिथं तपासणी होते, अर्ज इथूनच ऑनलाइन जातो. आक्षेप आला तर अर्जाच्या तारखेपासून सहा महिन्यांत सगळं पुरं करायचं, फार तर तीन महिने वाढवून मिळतात. नोंदणी झाली की तिची तारीख अर्जाची तारीखच धरतात. म्हणजे अर्जाचा नंबर हातात आला त्या संध्याकाळी तुम्ही रील टाकू शकता. दावा मात्र प्रमाणपत्र आल्यावरच.

चित्रांवर लोक हयगय करतात. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, वरून, खालून आणि एक तिरपं, अशी सात चित्रं लागतात आणि ती एकमेकांशी जुळायला हवीत. स्टीलच्या मालाचे मोबाइलनं काढलेले फोटो हमखास गोत्यात आणतात. एका पक्षकाराच्या समोरच्या फोटोत पॅनेलवर बनियन घातलेला माणूस मोबाइल धरून उभा असलेला स्पष्ट दिसत होता. बाजूच्या फोटोत त्याच जागी ट्यूबलाइटची रेघ. तपासणी अधिकाऱ्यानं विचारलं की पॅनेलवरचा हा आकार डिझाइनचा भाग आहे का. त्यात दोन महिने गेले. तेव्हापासून स्टीलच्या मालाला मी कॅडवरून काढलेली रेषाचित्रंच मागतो. स्टिकर, नाव, मापं काहीही नको.

कॅड करणारा पोरगा बाहेरचा असेल तर त्याला बिलानं पैसे द्या, आणि "हे डिझाइन अमुक यांच्यासाठी करून दिलं" असं त्यावर लिहून घ्या. मोबदला देऊन करून घेतलेल्या डिझाइनचा मालक करून घेणारा, असं कायदा म्हणतो. पण रोखीत दिलेले पाच हजार कोर्टात दाखवता येत नाहीत.

नोंदणीनंतर मशीनच्या नेमप्लेटवर नंबर टाका. कलम १५ चं सांगणं आहे ते. नंबर नसेल तर नुकसानभरपाई मागताना अडचण येते. मनाई हुकमाला मात्र नंबर नसणं आडवं येत नाही.

आणि नक्कल झालीच तर काय मिळतं, हे आधीच मोजून घ्या. कलम २२ मध्ये ठरावीक रक्कम आहे, प्रत्येक भंगाला २५,००० पर्यंत आणि एका डिझाइनला एकूण ५०,०००. ती रक्कम वाचून लोक हसतात. पण तिच्याऐवजी मनाई आणि नुकसानभरपाईचा दावा करता येतो, आणि खरं काम मनाईच करते. फेब्रुवारीत माल अडकला तर त्या पार्टीचा उन्हाळा गेला. दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली चालत नाही. ट्रेडमार्कमध्ये आपण आपल्या गावी दावा लावू शकतो, डिझाइन कायद्यात तशी वेगळी सोय नाही. समोरचा जिथं आहे किंवा जिथं नक्कल विकतोय तिथं जायचं. म्हणून त्याचं एक मशीन सांगलीत कुणाकडून तरी पक्क्या बिलानं विकत घ्या. त्या एका बिलानं दावा विजयनगरच्या कोर्टात लावता येतो. तातडीची मनाई मागायची नसेल तर व्यापारी न्यायालयाच्या कायद्याप्रमाणे आधी मध्यस्थी करावी लागते. आणि समोरच्यानं "हे डिझाइन नवं नव्हतंच" असा बचाव घेतला, की दावा उच्च न्यायालयाकडे जातो. झाकणाच्या डब्यांवरून झालेल्या एस. डी. कंटेनर्स आणि मोल्ड-टेक यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये ते पक्कं केलं. यासाठी आपल्याकडचे लोक मुंबईला हेलपाटे घालायचे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सांगली, सातारा दोन्ही त्यात येतात, एवढा दिलासा आहे.

त्या पार्टीला आज डिझाइनची नोटीस पाठवू नका. समोरचा वकील उत्तरात पहिल्याच ओळीत नोंदणी क्रमांक मागेल आणि तुमच्याकडे तो नाही. तोवर त्याच्या विक्रीच्या पानावरचे फोटो एकेक करून मोठे करा. कव्हरच्या गोलाईत, जिथं प्रकाश पडलाय तिथं, तुमच्या शेडचा पत्रा, पंखा, काहीही दिसतंय का, ते बघून सांगा.